आगीनंतर दोन वर्षांनी जन्मलेली

डेट्रॉइट
६ एप्रिल १९९५

डेली,

हे पत्र खुर्चीत बसून वाच. उभ्याने वाचणं तुझ्या खऱ्या वयाला झेपायचं नाही.

कायदा झाला! १९२२च्या मार्चमध्ये गोऱ्यांनी टर्नबो जाळलं, आपली काळ्यांची बावीस घरं आणि चर्च राख केलं, माणसं मारली आणि उरलेल्यांना दलदलीत पळवून लावलं, हे सगळं घडलं होतं असं राज्याच्या विधिमंडळाने परवा मान्य केलं. म्हणजे तेरवापर्यंत ते घडलं नव्हतं. आता जे तेव्हा टर्नबोत राहत होते आणि अजून मेलेले नाहीत, त्यांना नुकसानभरपाई मिळणार. कागदावर 'हयात' असं छापलंय, पण अर्थ तोच.

पुरावा मागतात. जन्मदाखला, घराचा कागद, नाहीतर शाळेतली नोंद. हे काम बघणारी कुणी मिस फेअरली आहे, आवाजावरून गोरी आणि तिशीची. मी तिला फोनवर म्हटलं, "अगं बाई, ज्यांनी घरं पेटवली त्यांनी आमचे कागद तेवढे बाजूला काढून ठेवले नाहीत गं." बिचारी नियमांची पानं चाळायला लागली. मग म्हणाली, कागद नसतील तर त्या वेळच्या दुसऱ्या रहिवाशाची शपथेवर साक्ष चालेल. पण ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याचीच. ऐकीव नको.

असे रहिवासी उरलेत तीन. मी, तू आणि पीट कॉर्बेट. पीट वृद्धाश्रमात नर्सला आई म्हणून हाका मारतो. म्हणजे दोघीच. मी तुझी साक्ष द्यायची, तू माझी. मुदत ३० सप्टेंबर.

एकच अडचण आहे. टर्नबोत होतीस असं सांगायचं तर आधी तुला जन्माला यावं लागेल. तुझ्या म्हणण्याप्रमाणे तू १९२४ची. मागे तुझ्या चर्चमध्ये आले होते तेव्हा तू सगळ्यांना माझी ओळख करून दिलीस, "ही माझी थोरली मामेबहीण, मला आईसारखी." सटवे, मी तुझ्याहून दोन वर्षांनी धाकटी आहे. तेव्हा गप्प बसले, कारण तोंडात तुझा पाउंड केक होता. आता तोंड रिकामं आहे.

सोबत फॉर्म पाठवतेय. नावाच्या रकान्यात डेली नको, आयडेल लिही, आणि जन्मतारखेच्या रकान्यात खरं लिही. देवाला माहीतच आहे, आता सरकारलाही कळू दे.

तुझी,
मोझेल


ऑर्विल स्प्रिंग्ज
१७ एप्रिल १९९५

प्रिय मोझेल,

फॉर्म पोचला. कागद किती जाड वापरलाय नाही?

इकडे सगळं छान. ईस्टरला मी जांभळी हॅट घातली होती, जाळीची. रेव्हरंड उपदेश करताना दोनदा अडखळले. आमच्या गायनमंडळातली क्लोटिल्ड म्हणते हॅटमुळे. क्लोटिल्ड पंचाहत्तरची झाली, गुडघे गेले बिचारीचे, म्हणून उभं राहून सोलो गायचं काम मलाच करावं लागतं.

आता तुला एक सांगायचंय, पण दातओठ खाऊ नकोस. आमच्या चर्चमध्ये डीकन स्प्रेग आहेत. लेम्युएल स्प्रेग. चौऱ्याहत्तर वर्षांचे, विधुर, सगळे दात स्वतःचे. शाळेत गणित शिकवायचे. दर रविवारी मला घरी सोडतात आणि गाडीचं दार माझ्या बाजूने येऊन उघडतात. मागच्या महिन्यात गोष्टी निघाल्या, तर ते म्हणाले, त्यांची पहिली बायको त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी होती आणि आयुष्यभर त्यांना रागवायची. "पुन्हा करीन तर धाकटीशीच," असं म्हणून माझ्याकडे बघितलं. मी एकाहत्तरची आहे, मोझेल. त्यांच्या दृष्टीने मी पोर आहे.

तेव्हा मी असा विचार केलाय. आईने मला टर्नबोचं सगळं सांगितलं होतं. मी तसंच लिहून देते, की माझ्या आईने पाहिलं आणि मला सांगितलं. त्यात काय वाईट? माझी भरपाई मला नकोच. मला पुरेसं आहे. तू दुसरं कुणीतरी शोध. पीटला एखाद्या दिवशी बरं वाटतही असेल.

तुला थंडी सोसत नाही. लोकरीचे मोजे पाठवतेय.

तुझी धाकटी,
आयडेल


डेट्रॉइट
२४ एप्रिल १९९५

'तुझी धाकटी',

मोजे मिळाले. एक एका मापाचा आणि दुसरा दुसऱ्या. डोळेही एकाहत्तरचे आहेत वाटतं.

मी मिस फेअरलीला विचारलं. आईकडून ऐकलेलं चालत नाही. आणि पीटला विचारायला त्याच्या मुलीला फोन केला होता. पीट म्हणाला, मोझेल म्हणजे ती ना, जिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं? आता मी काय, त्याच्या भरवशावर बसू?

तुला नको असेल तुझी भरपाई, तर चुलीत घाल. मला माझी हवीय. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी जिना चढू शकत नाही. तीन वर्षं खालच्या खोलीत झोपतेय. स्वतःच्या घराच्या माडीवर मी पाहुणी म्हणूनही गेलेले नाही. आणि पैशाचं सोड. मला कुणाच्या तरी तोंडून शपथेवर ऐकायचंय, की हो, मोझेल टॉलिव्हर नावाची मुलगी तिथे होती, तिला घर होतं आणि तिला बाप होता.

ते सांगायला या पृथ्वीवर तू एकटी आहेस. दलदलीत माझा हात तूच धरला होतास. माझा बूट चिखलात रुतला तेव्हा मी रडायला लागले, तर तू माझ्या तोंडावर हात ठेवलास, तोही चिखलाचाच. मी चावले. तुझ्या डाव्या अंगठ्याखाली त्याचा वण आहे. त्या डीकनला दाखव आणि विचार, जन्माच्या दोन वर्षं आधी कुणाला वण पडतो का म्हणून. गणितवाले आहेत ना?

मे संपेपर्यंत वाट बघेन. नंतर क्लोटिल्डला पत्र टाकेन. तिचा पत्ता आहे माझ्याकडे.

मोझेल


ऑर्विल स्प्रिंग्ज
९ मे १९९५

मोझेल,

मी तिथे नव्हते. मी तिथे नव्हते असंच मी आयुष्यभर सांगत आलेय आणि तसंच मरणार आहे. क्लोटिल्डला काय लिहायचं ते लिही.

डीकननी काल मागणी घातली. मी विचार करून सांगते म्हटलं.

आयडेल


ऑर्विल स्प्रिंग्ज
२ जून १९९५

आदरणीय मिसेस मोझेल बँक्स,

आपली प्रत्यक्ष भेट एकदाच झाली. आपण पाउंड केक खात होता. मी लेम्युएल स्प्रेग.

मिसेस आयडेल गेदर आपल्याला थोरल्या बहिणीसारखं मानतात, निदान तसं सांगतात. म्हणून रीतीप्रमाणे आपल्याकडे त्यांचा हात मागतो आहे. माझी पेन्शन बेताची आहे, घर स्वतःचं आहे, रक्तदाबाची एकच गोळी घेतो.

आता दुसरी गोष्ट, कृपया आपल्यातच ठेवावी. मी अडतीस वर्षं गणित शिकवलं. गप्पांच्या ओघात मिसेस गेदर म्हणाल्या, १९३० साली त्या हॉटेलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायच्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. मिस्टर गेदर यांच्याशी त्यांचं लग्न १९३३ सालचं, म्हणजे वय वर्षं नऊ. हे गणित मी कधीच फळ्यावर मांडलं नाही. मागे एकदा मी वयाने मोठ्या बायकोबद्दल काही बोललो, ते फक्त त्या काय करतात ते बघावं म्हणून. त्यांनी लगेच पाय दुखत असतानाही जिना धावत चढून दाखवला. त्या दिवसापासून मला स्वतःची लाज वाटते.

त्या कितीही वर्षांच्या असोत. माझी काळजी वेगळी आहे. गेल्या महिन्यापासून त्या जेवत नाहीत. अंगणात मी पालापाचोळा पेटवला, तर घरातून धावत आल्या आणि बादलीभर पाणी माझ्या अंगावर ओतलं. पाचोळ्यावर नाही, माझ्या अंगावर. आपलं पत्र आलं की त्या ते दोन दिवस उघडत नाहीत. मला विचारायचा अधिकार नाही. पण आपल्याला असेल.

आपला नम्र,
लेम्युएल स्प्रेग


डेट्रॉइट
८ जून १९९५

डीकन,

हात दिला. बाकीची आयडेलही घेऊन जा.

तुमचं गुपित माझ्यापाशी राहील. तुमचं गणित चांगलं आहे. अजून थोडे आकडे बाहेर यायचे आहेत, तोवर फळा पुसू नका. तिला रोज थोडं सूप द्या, आणि सूप चांगलं नाही झालं असं म्हणा. मग ती स्वतः करेल आणि तुम्हाला दाखवायला म्हणून खाईल.

मोझेल बँक्स


डेट्रॉइट
१० जून १९९५

डेली,

क्लोटिल्डला मी काही लिहिलेलं नाही. लिहिणारही नव्हते. तू मला लहानपणापासून ओळखतेस, मी फक्त भुंकते.

डीकनची भीती काढून टाक. कशी ते विचारू नकोस.

पण मी तुझं ९ मेचं पत्र पुन्हा वाचलं. वय लपवणारी बाई असं लिहीत नाही. 'मी तिथे नव्हते' हे तू दोनदा लिहिलंयस. काय आहे ते सांग. मी एक्याऐंशीची आहे, आता मला धक्का बसून बसून कितीसा बसणार.

मोझेल


ऑर्विल स्प्रिंग्ज
२१ जून १९९५

मोझेल,

हे मी दुपारी लिहितेय, कारण सकाळी धीर झाला नाही. वाचून झाल्यावर तू मला पत्र लिहिलं नाहीस तरी मी समजेन.

त्या गुरुवारी गाड्या आल्या तेव्हा आई मला म्हणाली, मामीकडे पळ, मोझेलला घे आणि दलदलीकडे जा. मी तुमच्या घराकडे निघाले. वाटेत चौकातल्या दुकानापाशी त्याचे गोरे मालक मिस्टर टालमॅज उभे होते. तुला आठवतात का? त्यांच्याकडे आपण मीठ आणि रॉकेल आणायचो. मी गेले की ते नेहमी पेपरमिंटची कांडी द्यायचे, फुकट. ते म्हणाले, "डेली, तुझा मामा कुठेय गं? ते लोक त्याला शोधतायत. लवकर सांग, मी त्याला माझ्या गाडीत घालून लांब नेतो."

इझ्रामामा पाइनचा चीक उकळायच्या शेडमध्ये पिंपांच्या मागे लपला होता. मी त्याला जाताना पाहिलं होतं. मी सांगितलं. मला वाटलं, बरं झालं, आता मामा सुटला.

त्यांनी माझ्या हातावर कांडी ठेवली. सवयीने ठेवली असेल. मी तुझ्याकडे पळाले, तुझा हात धरला, आणि शेडकडून बंदुकीचे आवाज आले तेव्हा ती कांडी माझ्या तोंडात होती. मी ती खाल्ली, मोझेल. सगळी खाल्ली.

पुढे आई म्हणाली, आपण टर्नबोचे हे कुणाला कळता कामा नये. कुणी विचारलं तर तू तिथे नव्हतीस. मला ते आवडलं. मग मोठी झाल्यावर मी वर्षं कमी करायला लागले. आधी दोन, मग पाच, मग होता होता बारा. सगळ्यांना वाटायचं मला नटायची हौस आहे. हौसही होती, खोटं का बोलू. पण आगीच्या पलीकडे पोचले तेव्हा मला पहिल्यांदा शांत झोप लागली. जी मुलगी जन्मलीच नव्हती, तिने कुणाला काही सांगितलं असेल कसं?

शपथ घेतली की ते विचारणार, काय पाहिलंस. आणि तू ऐकणार.

आयडेल


डेट्रॉइट
३० जुलै १९९५

आयडेल,

साडेपाच आठवडे झाले. पहिल्या दिवशी मी तुझं पत्र फाडलं. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टीने जोडलं. एक तुकडा सापडेना, तो कोचाखाली गेला होता. तो काढायला वाकले आणि खुब्यामुळे उठता येईना. शेजारीण येईपर्यंत दोन तास तिथेच जमिनीवर होते. तेव्हा विचार करायला भरपूर वेळ मिळाला.

मला राग आला. अजून आहे. तुला बरं वाटावं म्हणून नाही असं लिहिणार नाही. त्र्याहत्तर वर्षं मला वाटत होतं की बाबांचा माग कुत्र्यांनी काढला. कुणीतरी तसं म्हणालं होतं. मी आयुष्यभर कुत्र्यांचा राग केला. मुलं रडली तरी घरात पिल्लू येऊ दिलं नाही. आता या वयात मला गल्लीतल्या एकेका कुत्र्याची माफी मागत हिंडावं लागणार.

पण तिथे जमिनीवर पडल्या पडल्या मी त्या चौकात पुन्हा पुन्हा जाऊन बघितलं. तिथे दोन माणसं उभी होती. एक दहा वर्षांची, मामाला वाचवायला निघालेली. दुसरा पंचेचाळिशीचा बाप्या, ज्याला पक्कं माहीत होतं की तो काय विचारतोय आणि कशासाठी. माझा राग कुणाच्या पत्त्यावर पाठवायचा हे मला न कळण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही. त्याचं नाव या त्र्याहत्तर वर्षांत एकदाही कुणी उच्चारलं नाही. तू त्याच्या वाटचं पाप घेऊन बसलीस आणि तो छान म्हातारा होऊन आपल्या बिछान्यात मेला.

आणि ती कांडी. भुकेलं पोर होतीस. मला अर्धी द्यायला हवी होतीस, एवढीच माझी तक्रार आहे.

तू जा. शपथ घे. मी तिथे होते, माझा बाप तिथे होता हे सांग, आणि त्या माणसाचं नाव घे. माझी साक्ष इथे डेट्रॉइटलाच नोंदवून घेणार आहेत, मला प्रवास जमत नाही. तेव्हा तुला एकटीलाच तिथे उभं राहावं लागेल. हॅट मात्र घाल.

मोझेल


ऑर्विल स्प्रिंग्ज
१५ सप्टेंबर १९९५

मोझेल,

झालं. मंगळवारी. सगळं क्रमाने सांगते, मधे बोलू नकोस.

डीकन म्हणाले, एकट्या जाऊ नका, चर्चची बस काढू. मला वाटलं ते आणि मी आणि ड्रायव्हर. बघते तर बायकांच्या मंडळाच्या अकराजणी, सगळ्या हॅटा घालून. क्लोटिल्डने तळलेलं चिकनही बांधून घेतलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं होतं की आईच्या वतीने बोलायला चाललेय.

कचेरीतल्या खोलीत पंखे चालू होते. मिस फेअरली पुढे बसली होती. तू म्हणालीस तशी गोरी, पण तिशीची नाही, पन्नाशीची असेल. आवाज मात्र फसवा. (काही बायका तशा असतात.) बायबलवर हात ठेवला, नाव सांगितलं. मग तिने जन्मतारीख विचारली.

मी पाण्याचा ग्लास संपवला. दुसरा मागितला. तोही संपवला. मग म्हटलं, "चौदा फेब्रुवारी, एकोणीसशे बारा."

मागे कुणाच्या तरी हातातला पंखा खाली पडला. मग क्लोटिल्ड उभी राहिली, गुडघे गेलेली क्लोटिल्ड, आणि सगळ्यांदेखत ओरडली, "आयडेल गेदर! बारा वर्षं मला म्हातारी म्हणून खाली बसवून सोलो तू गातेयस?" मिस फेअरलीने टेबल वाजवलं. क्लोटिल्ड म्हणाली, "वाजवा. पण पुढच्या रविवारी मी गाणार, हे लिहून घ्या." तिथली टाइप करणारी मुलगी खरंच टाइप करत होती.

मग मी सांगितलं. तुझं घर, त्याचा निळा दरवाजा, मामीची शिवणाची मशीन, तुझा बूट, तुझे दात. मी म्हटलं मोझेल टॉलिव्हर तिथे राहत होती, आठ वर्षांची होती, चावरी होती. मग इझ्रामामाचं सांगितलं. तू म्हणालीस तसं नाव घेतलं. बाहेर आमची बस ज्या रस्त्यावर उभी होती, त्या रस्त्याला त्याच माणसाचं नाव आहे. टाइप करणाऱ्या मुलीने स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं, सावकाश. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं.

कांडीचंही सांगितलं. सांगून झाल्यावर क्लोटिल्ड येऊन माझ्या शेजारी बसली आणि माझा हात तिने आपल्या मांडीवर घेतला. क्लोटिल्ड बोलली नाही, विचार कर.

बाहेर आल्यावर डीकननी बसचं दार धरलं. मी म्हटलं, "ऐकलंत ना? आता तुमचं तुम्ही ठरवा." ते म्हणाले, "नऊ वर्षांनी मोठ्या. मी आठ काढली होती. कुठेतरी हातचा राहिला." मग सांगितलं की त्यांना आधीपासून ठाऊक होतं आणि तुलाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. तुम्ही दोघांनी मिळून मला उन्हाळाभर वेडं केलंत. तुझ्याशी मी निदान पुढचा आठवडा बोलणार नाही.

नोव्हेंबरात लग्न आहे. पिवळा झगा शिवायला टाकलाय.

तुझी थोरली,
आयडेल


डेट्रॉइट
६ नोव्हेंबर १९९५

थोरल्या बाई,

भरपाई मंजूर झाली, दोघींची. तसं पत्र आलं. त्यात एक दिलगिरीही आहे, साडेतीन ओळींची. मी ती मोठ्याने वाचली, मग गल्लीतल्या कुत्र्यालाही वाचून दाखवली.

खाली बारीक अक्षरात आणखी एक आहे. पैसे सोडण्याआधी आपण दोघी अजून जिवंत आहोत याचा दाखला हवा. ज्यांना त्र्याहत्तर वर्षं घाई नव्हती त्यांना आता धास्ती पडलीय की आपण मधल्या आठवड्यात मरून त्यांना फसवू. 'परिचित व्यक्तीने स्वहस्ते लिहून सही करावी' असं म्हटलंय. तुझ्याबद्दलचा मी आजच पाठवला. माझ्याबद्दलचा तू लिही. चांगलं लिही, सरकारी कागद आहे.

मोझेल


ऑर्विल स्प्रिंग्ज
१३ नोव्हेंबर १९९५

ज्या कुणा अधिकाऱ्यांकडे हा कागद येईल त्यांस,

मी, आयडेल स्प्रेग, पूर्वीची गेदर, त्याआधीची पर्डी, लिहून देते की मिसेस मोझेल बँक्स, पूर्वीची टॉलिव्हर, हिला मी तिच्या जन्मापासून ओळखते. मी तेव्हा दोन वर्षांची होते आणि तिला पाहून मला फारसा आनंद झाला नव्हता, असं आई सांगायची.

ती जिवंत आहे कशावरून, असं तुमच्या फॉर्मात विचारलं आहे. शनिवारी माझं लग्न झालं. त्या दिवशी सकाळी तिने फोन करून मला सांगितलं की पिवळ्या झग्यात मी कावीळ झाल्यासारखी दिसेन. दुपारी पुन्हा फोन करून माझ्या नवऱ्याला बजावलं की मला एकटीला मुळीच सोडायचं नाही. संध्याकाळी तिसऱ्यांदा फोन केला आणि काहीच बोलली नाही. बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या फोन धरून बसलो होतो. तिचा श्वास मला नीट ऐकू येत होता. काल तिने माडीवर जायच्या जिन्याला यंत्राची खुर्ची बसवायला माणूस बोलावला, आणि त्याने दर अव्वाच्या सव्वा सांगितला म्हणून त्याला पळवून लावलं. मेलेली माणसं असं करत नाहीत.

मीही जिवंत आहे. खाली सही करते आहे, त्यावरून ध्यानात यावं. आम्ही दोघी टर्नबोच्या आहोत आणि दोघी अजून आहोत. पुन्हा विचारायचं असेल तर जरूर विचारा, आम्ही पुन्हा सांगू.

आयडेल स्प्रेग
वय वर्षे त्र्याऐंशी